शूमेकर, कॅरोलिन स्पेलमन

(२४ जून १९२९–१३ ऑगस्ट २०२१). अमेरिकन ग्रहवैज्ञानिक. धूमकेतू व पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणारे लघुग्रह यांच्या शोधाबद्दल विशेष प्रसिद्ध. जुलै १९९४ मध्ये गुरू ग्रहावर आदळलेल्या ‘शूमेकर-लेव्ही ९’ या धूमकेतूच्या त्या सहशोधक होत. त्यांच्या नावावर ३२ धूमकेतू व पाचशेंहून अधिक लघुग्रह यांचे शोध आहेत. धूमकेतूंची ही संख्या त्या काळी हयात असलेल्या इतर कोणत्याही निरीक्षकाच्या शोधांपेक्षा अधिक होती. विज्ञानाची पदवी नसताना, तीन मुलांचे संगोपन पूर्ण झाल्यावर, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांनी हे कार्य हाती घेतले. भूवैज्ञानिक यूजीन मर्ल शूमेकर (१९२८–९७) हे त्यांचे पती. या दांपत्याचे संशोधन इतके परस्परपूरक होते की, एकाच्या कार्याचा विचार दुसऱ्याच्या कार्याशिवाय पुरा होत नाही.

जन्म व शिक्षण : कॅरोलिन यांचा जन्म न्यू मेक्सिको राज्यातील गॅलप येथे झाला. त्यांचे वडील लेनर्ड स्पेलमन व आई हेझल. पुढे हे कुटुंब कॅलिफोर्निया राज्यातील चिको या गावी स्थायिक झाले आणि तेथेच कॅरोलिन यांचे बालपण गेले. चिको स्टेट कॉलेजात त्यांनी इतिहास, राज्यशास्त्र व इंग्रजी साहित्य या विषयांचे अध्ययन करून पदवी व पदव्युत्तर पदवी मिळविली. विज्ञानाची ओढ त्यांना त्या वेळी नव्हती. भूविज्ञान हा विषय तर त्यांना रुक्ष वाटत असे. शिक्षणानंतर त्यांनी काही काळ शाळेत अध्यापन केले. परंतु त्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही.

विवाह व गृहजीवन : कॅरोलिन यांचे बंधू कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत शिकत असताना यूजीन शूमेकर हे त्यांच्याबरोबर एकाच खोलीत राहत. १९५० मध्ये बंधूंच्या विवाहप्रसंगी कॅरोलिन व यूजीन यांची प्रथम भेट झाली. यूजीन त्या सुमारास उच्च शिक्षणासाठी प्रिन्स्टन विद्यापीठात गेले. अमेरिकेच्या दोन टोकांना राहणाऱ्या या दोघांचा परिचय पत्रव्यवहारातून दृढ झाला व ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचा विवाह झाला. रुक्ष वाटणारे भूविज्ञान पतीच्या तोंडून ऐकताना आपल्याला रोचक वाटू लागले, असे कॅरोलिन पुढे सांगत असत.

यूजीन अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात काम करीत होते. युरेनियमच्या शोधासाठी त्यांना कोलोरॅडो पठारावरील निर्जन प्रदेशात दीर्घ काळ हिंडावे लागे. अशा क्षेत्रकार्यात कॅरोलिन अनेकदा त्यांच्याबरोबर असत. तंबू, तात्पुरती चूल, खडकांचे नमुने व नकाशे यांच्या सान्निध्यात या संसाराची प्रारंभीची वर्षे गेली. त्यांना दोन मुली व एक मुलगा अशी तीन अपत्ये झाली. मुले लहान असताना कॅरोलिन यांनी गृहिणीपद हेच आपले प्रमुख काम मानले. उन्हाळ्यातील क्षेत्रकार्यात मात्र पुष्कळदा सर्व कुटुंब सहभागी होई. यूजीन यांच्या नोकरीनिमित्त बिऱ्हाड अनेक ठिकाणी हलले. १९६० नंतरच्या दशकात ते ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ येथे आले आणि हे गाव त्यांचे कायमचे घर झाले.

१९६३ मध्ये यूजीन यांना अधिवृक्क ग्रंथींचा ॲडिसन रोग असल्याचे निदान झाले. चंद्रावर जाऊन तेथील खडक स्वतः पाहावेत ही त्यांची तरुणपणापासूनची आकांक्षा होती. या रोगामुळे अंतराळवीर म्हणून निवड होण्याचा मार्ग बंद झाला. त्यांनी अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांना भूविज्ञानाचे शिक्षण दिले आणि चंद्रावरील निरीक्षणांची आखणी केली. या धावपळीच्या वर्षांत घराची सर्व जबाबदारी कॅरोलिन यांच्यावर होती. मुले मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर आपल्या दिवसांना नवा उद्योग हवा, असे त्यांना वाटू लागले. त्यांच्या संशोधनाचा आरंभ या गरजेतून झाला.

अभिघात विवरांचा प्रश्न : शूमेकर दांपत्याने धूमकेतू व लघुग्रह यांचा शोध का घेतला, हे समजण्यासाठी तत्कालीन भूविज्ञानातील एक वाद लक्षात घेणे आवश्यक आहे. पृथ्वीवर व चंद्रावर वर्तुळाकार विवरे आढळतात. त्यांपैकी बहुतेक ज्वालामुखीच्या क्रियेने बनली असावीत, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक भूवैज्ञानिक मानीत. ॲरिझोनातील सु. १.२ किमी. व्यासाचे बॅरिंजर विवर हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ते भूमिगत वाफेच्या स्फोटाने झाले असावे, असा निष्कर्ष काढला होता. डॅन्येल बॅरिंजर यांनी ते अशनीच्या (आकाशातून पडलेल्या घन वस्तूच्या) आघाताने झाल्याचे आग्रहाने मांडले. पण त्यांचे म्हणणे दीर्घकाळ सर्वमान्य झाले नाही.

यूजीन शूमेकर यांनी नेव्हाडातील अणुस्फोट चाचण्यांमुळे झालेल्या खड्ड्यांशी या विवराची बारकाईने तुलना केली. दोहोंच्या कडांवर खडकांचे थर सारख्याच रीतीने उलटे दुमडलेले आढळले. १९६० मध्ये एडवर्ड चाओ व त्यांचे सहकारी यांनी या विवरातील खडकांत कोएसाइट हे खनिज ओळखले. सिलिकेचे हे रूप निर्माण होण्यास वातावरणीय दाबाच्या सु. २०,००० पट किंवा त्याहून अधिक दाब लागतो. भूपृष्ठावर असा दाब निर्माण करू शकेल, अशी अतिवेगवान आघाताखेरीज दुसरी नैसर्गिक क्रिया ज्ञात नव्हती. लवकरच जर्मनीतील रीस खोऱ्यातही कोएसाइट सापडले. अशा आघाताने होणाऱ्या खड्ड्यास ‘अभिघात विवर’ म्हणतात.

महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या उत्पत्तीचा प्रश्नही याच निकषांनी सुटला. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील सु. १.८ किमी. व्यासाच्या या विवरात, आघाताच्या दाबाने काचरूप झालेले फेल्डस्पार (मास्केलिनाइट) आढळल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे हे विवर ज्वालामुखीजन्य असल्याचे मत मागे पडले.

विवरे आघाताने होतात हे ठरल्यावर पुढील प्रश्न ओघानेच आला : आघात करणाऱ्या वस्तू कोणत्या, त्यांची संख्या किती व त्या पृथ्वीवर किती काळाने आदळतात? विवरांच्या मोजणीवरून भूतकाळातील आघातांचा अंदाज करता येतो. परंतु त्याचा पडताळा घेण्यासाठी आकाशातील वस्तूंचीही गणना हवी. १९८० मध्ये लुइस व वॉल्टर अल्व्हारेझ आणि त्यांचे सहकारी यांनी, सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरांच्या विनाशास लघुग्रहाचा आघात कारणीभूत असल्याची परिकल्पना मांडली. त्यामुळे या गणनेला अधिकच महत्त्व आले. कॅरोलिन यांनी आपल्या कार्यास प्रारंभ केला तो याच वर्षी.

संशोधनाचा प्रारंभ : यूजीन शूमेकर व एलिनॉर हेलिन यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅलोमार वेधशाळेत पृथ्वीची कक्षा छेदणाऱ्या लघुग्रहांचा पद्धतशीर शोध सुरू केला होता. यूजीन यांनी कॅरोलिन यांना या कामात येण्याचे सुचविले. पॅसाडीना येथे त्यांनी छायाचित्रांवरील अंधुक वस्तू ओळखण्याचे व त्यांच्या स्थानांचे मापन करण्याचे शिक्षण घेतले. १९८२ पासून शूमेकर दांपत्याने पॅलोमार येथे स्वतंत्र सर्वेक्षण चालविले. त्यात हेन्री होल्ट आणि १९८९ पासून हौशी निरीक्षक व लेखक डेव्हिड लेव्ही हे त्यांचे सहकारी होते.

सर्वेक्षणासाठी ४६ सेंमी. श्मिट दूरदर्शक वापरण्यात येई. १९३६ मध्ये कार्यान्वित झालेला हा पॅलोमार पर्वतावरील पहिला दूरदर्शक होय. त्याच पर्वतावरील ५ मी. व्यासाच्या हेल दूरदर्शकापुढे तो अगदीच लहान होता. परंतु त्याचे दृष्टिक्षेत्र सु. ९ अंश असल्याने एका छायाचित्रात आकाशाचा मोठा भाग येई. अज्ञात वस्तूंच्या शोधास दूरवरचे पाहण्याच्या शक्तीपेक्षा हा विस्तार अधिक उपयोगी पडतो.

कार्यपद्धती : निरीक्षणे प्रत्येक महिन्यात अमावास्येच्या आसपासच्या अंधाऱ्या रात्रींत केली जात. छायाचित्रणासाठीची फिल्म आधी हायड्रोजन व नायट्रोजन यांच्या मिश्रणात तापवून अधिक संवेदनशील करीत. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे सरकत असल्याने, फिल्म प्रकाशित होत असताना निरीक्षकाला मार्गदर्शक दुर्बिणीतून एका ताऱ्यावर सतत नजर ठेवून दूरदर्शकाची गती सूक्ष्मपणे सुधारावी लागे. घुमटात उष्णता निर्माण केल्यास हवेच्या हालचालीने प्रतिमा बिघडते. म्हणून हिवाळ्यातील लांब रात्री कडाक्याच्या थंडीतच काढाव्या लागत. आकाशाच्या एकाच भागाची दोन छायाचित्रे सु. पाऊण ते एक तासाच्या अंतराने घेतली जात.

छायाचित्रांच्या परीक्षणाचे काम मुख्यतः कॅरोलिन यांच्याकडे असे. पूर्वी अशा कामासाठी दोन छायाचित्रे आळीपाळीने झटपट दाखविणारे उपकरण वापरीत. क्लाइड टॉमबॉ यांनी १९३० मध्ये प्लूटोचा शोध याच रीतीने लावला. शूमेकर गटाने त्याऐवजी त्रिमितिदर्शी सूक्ष्मदर्शकाचा उपयोग केला. त्याच्या एका नेत्रिकेखाली पहिले व दुसऱ्या नेत्रिकेखाली दुसरे छायाचित्र ठेवतात. डाव्या व उजव्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांतील लहानशा फरकावरून मेंदूला खोलीची जाणीव होते. ताऱ्यांची स्थाने दोन्ही छायाचित्रांत तीच असल्यामुळे ते एका सपाट पार्श्वभूमीवर दिसतात. मधल्या तासाभरात सरकलेल्या वस्तूची स्थाने मात्र किंचित भिन्न असतात. त्यामुळे ती वस्तू ताऱ्यांच्या पातळीच्या वर तरंगत असल्यासारखी किंवा तिच्याखाली बुडाल्यासारखी भासते. लघुग्रहाचे चित्र ठिपक्यासारखे तीक्ष्ण, तर धूमकेतूचे धूसर असते.

ही पद्धत सोपी वाटली, तरी एका छायाचित्रात हजारो तारे असतात. फिल्मवरील धूळ, ओरखडे व रासायनिक डाग यांमुळे खोट्या वस्तू दिसतात. ज्ञात लघुग्रहांची स्थाने तपासून ते वगळावे लागतात. असे परीक्षण तासन्‌तास करण्यास तीक्ष्ण दृष्टीइतकेच स्वस्थ चित्त लागते. कॅरोलिन यांच्या ठिकाणी दोन्ही गुण होते. शोध लागल्यावरही काम संपत नसे : वस्तूचे स्थान मोजणे, ते मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज येथील लघुग्रह केंद्रास तातडीने कळविणे व पुढील रात्री पुन्हा वेध घेणे आवश्यक असे. पुरेसे वेध न मिळाल्यास कक्षा निश्चित होत नाही व सापडलेली वस्तू पुन्हा हरवते.

प्रमुख शोध : सप्टेंबर १९८२ मध्ये कॅरोलिन व यूजीन यांना ३१९९ नेफरतिती हा पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारा लघुग्रह सापडला. १९८३ मध्ये कॅरोलिन यांनी आपला पहिला धूमकेतू शोधला. १९८४ मध्ये ३६७१ डायोनायसस या लघुग्रहाचा शोध लागला. त्याला एक लहान उपग्रह असल्याचे १९९७ मध्ये दिसून आले. त्यांनी शोधलेल्या धूमकेतूंपैकी अनेक अल्पमुदतीचे, म्हणजे ठराविक वर्षांनी सूर्याजवळ परत येणारे आहेत. मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या पट्ट्यातील शेकडो लघुग्रहही या सर्वेक्षणात नोंदले गेले. शोधकाला लघुग्रहाचे नाव सुचविण्याचा अधिकार असतो. कॅरोलिन यांनी तो वापरून पुराणकथांतील व्यक्ती, सहकारी, आप्त व स्नेही यांची नावे आकाशात नोंदविली.

शूमेकर-लेव्ही ९ : मार्च १९९३ मधील निरीक्षणांच्या वेळी आकाश ढगाळ होते. शिवाय फिल्मचा एक डबा कोणीतरी उजेडात उघडल्यामुळे वरच्या फिल्म कडांशी काळवंडल्या होत्या. चांगली फिल्म खर्चिक असल्याने अशा आकाशात ती वाया घालवू नये, असे यूजीन यांचे मत होते. तेव्हा, बिघडलेल्या फिल्म तरी वापराव्यात, असे लेव्ही यांनी सुचविले व ढगांच्या फटींतून काही छायाचित्रे घेण्यात आली. त्यांतील काहींत गुरू ग्रहाजवळचा आकाशाचा भाग होता. फिलिप बेंजोया हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञही त्या वेळी गटाबरोबर होते.

२५ मार्च रोजी या फिल्मचे परीक्षण करताना कॅरोलिन यांना एक चमत्कारिक वस्तू दिसली. ती धूमकेतूसारखी धूसर होती. परंतु तिचा आकार गोल नसून पट्टीसारखा लांबट होता व तिच्या एका बाजूस अनेक शेपट्या पसरल्या होत्या. धूमकेतू चेपला जावा तशी ती त्यांना वाटली. ॲरिझोनातील किट पीक येथे जेम्स स्कॉटी यांनी अधिक मोठ्या दूरदर्शकाने वेध घेऊन या शोधास दुजोरा दिला. ती वस्तू एका ओळीत चाललेल्या अनेक तुकड्यांची माळ असल्याचे स्पष्ट झाले. शूमेकर व लेव्ही यांना मिळालेला हा नववा अल्पमुदतीचा धूमकेतू असल्याने त्यास ‘शूमेकर-लेव्ही ९’ असे नाव मिळाले.

कक्षेच्या गणितावरून हा धूमकेतू सूर्याभोवती नव्हे, तर गुरूभोवती सु. दोन वर्षांत एक फेरी घेत असल्याचे आढळले. गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने तो काही दशकांपूर्वीच पकडला गेला असावा. जुलै १९९२ मध्ये तो गुरूच्या मेघमंडलापासून सु. ४०,००० किमी. अंतरावरून गेला. एवढ्या जवळ गुरूचे आकर्षण धूमकेतूच्या निकटच्या व दूरच्या बाजूंवर बरेच भिन्न असते. या ताणाने तो फुटला. मे १९९३ मध्ये ब्रायन मार्सडेन यांनी, पुढील फेरीत, म्हणजे जुलै १९९४ मध्ये, हे तुकडे गुरूवर आदळण्याचा संभव असल्याचे जाहीर केले. सूर्यकुलातील दोन वस्तूंच्या टकरीचे भाकीत आधी करून ती प्रत्यक्ष पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

तुकड्यांना रोमन वर्णमालेतील ए ते डब्ल्यू ही अक्षरे देण्यात आली (आय व ओ वगळून). ते १६ ते २२ जुलै १९९४ या काळात सेकंदास सु. ६० किमी. वेगाने गुरूच्या दक्षिण गोलार्धात आदळले. आघातस्थाने पृथ्वीवरून दिसणाऱ्या बाजूच्या किंचित पलीकडे होती. परंतु गुरूच्या जलद परिवलनामुळे ती थोड्याच वेळात दृष्टिपथात येत. त्या वेळी गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ अवकाशयानाला मात्र काही आघात थेट टिपता आले. पहिल्या आघाताच्या दिवशी तिघे शोधक बॉल्टिमोर येथील अंतराळ दूरदर्शक विज्ञान संस्थेत होते. तुकडे फार लहान असल्यास काहीच दिसणार नाही, अशी शंका अनेकांना होती. हबल दूरदर्शकाच्या पहिल्याच चित्रांत गुरूच्या कडेवर उसळलेला लोट दिसल्यावर ती नाहीशी झाली. १८ जुलै रोजी आदळलेल्या जी तुकड्याचा काळा डाग १२,००० किमी.हून रुंद, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या व्यासाएवढा होता. असे डाग लहान दुर्बिणींतूनही दिसले व कित्येक आठवडे टिकले.

शोधाचे परिणाम : आघात ही केवळ दूरच्या भूतकाळातील घटना नसून सूर्यकुलात आजही चालू असलेली क्रिया आहे, हे या टकरींनी निर्विवाद दाखविले. खडकांच्या पुराव्यावरून यूजीन शूमेकर जे तीस वर्षे सांगत होते, ते कॅरोलिन यांना सापडलेल्या धूमकेतूने सर्वांसमोर घडवून दाखविले. त्यानंतर अमेरिकेच्या शासनाने पृथ्वीला धोकादायक ठरू शकतील अशा वस्तूंच्या गणनेकडे गंभीरपणे लक्ष दिले. १९९५ मध्ये यूजीन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने यासंबंधी अहवाल दिला. १९९८ मध्ये ‘नासा’ने पृथ्वीजवळील १ किमी.हून मोठ्या वस्तूंपैकी ९० टक्के वस्तू दहा वर्षांत शोधण्याचे उद्दिष्ट ठरविले. ते पुढे बहुतांशी साध्य झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्क शहराजवळ झालेल्या अशनिस्फोटाने लहान वस्तूंच्या शोधाचीही निकड दाखवून दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘डार्ट’ हे अवकाशयान डायमॉर्फस या लहान लघुग्रहावर मुद्दाम आदळवून त्याची कक्षा बदलण्यात यश आले. धोकादायक वस्तू वेळीच सापडली, तरच असा उपाय शक्य होतो. म्हणून गणना ही या सर्व संरक्षणाची पहिली पायरी ठरते.

ऑस्ट्रेलियातील क्षेत्रकार्य : १९८४ पासून शूमेकर दांपत्य बहुधा दरवर्षी ऑस्ट्रेलियात जाऊन तेथील अभिघात विवरांचा अभ्यास करीत असे. त्या खंडाचा बराच भाग भूवैज्ञानिक दृष्ट्या प्राचीन, स्थिर व शुष्क असल्याने जुन्या विवरांच्या खुणा तेथे टिकून राहिल्या आहेत. मोटारीत महिनोन्‌महिने पुरेल एवढी सामग्री घेऊन हे दोघे निर्जन प्रदेशात हिंडत व उघड्यावर मुक्काम करीत. यूजीन नकाशे तयार करीत. मापन करण्यात व नमुने गोळा करण्यात कॅरोलिन त्यांना साहाय्य करीत. विवाहानंतरच्या पहिल्या वर्षांतील कोलोरॅडो पठारावरील जीवनक्रमच उतारवयात पुन्हा सुरू झाला होता.

१८ जुलै १९९७ रोजी ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस, टॅनामाय मार्गावर त्यांच्या मोटारीची दुसऱ्या वाहनाशी समोरासमोर टक्कर झाली. यूजीन जागीच मृत्यू पावले व कॅरोलिन गंभीर जखमी झाल्या. यूजीन यांच्या अस्थींचा काही अंश एका लहान कुपीत घालून ‘लूनर प्रॉस्पेक्टर’ या अवकाशयानातून जानेवारी १९९८ मध्ये चंद्राकडे पाठविण्यात आला. कार्य संपल्यावर ३१ जुलै १९९९ रोजी हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळविण्यात आले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील टीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन अभिघात रचनेला यूजीन यांच्या स्मरणार्थ शूमेकर यांचे नाव देण्यात आले.

उत्तरायुष्य व सन्मान : अपघातातून बऱ्या झाल्यावर कॅरोलिन यांनी फ्लॅगस्टाफ येथील लोएल वेधशाळेत आपले काम पुढे चालविले. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात त्या १९८९ पासून संशोधन-प्राध्यापक होत्या. त्याच विद्यापीठाने १९९० मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८८ मध्ये रिटनहाउस पदक आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे जेम्स क्रेग वॉटसन पदक त्यांना यूजीन यांच्यासह देण्यात आले. १९९६ मध्ये त्यांना ‘नासा’चे असाधारण वैज्ञानिक कामगिरीबद्दलचे पदक मिळाले. ४४४६ कॅरोलिन हा लघुग्रह त्यांच्या नावाने ओळखला जातो. यूजीन यांचे नाव २०७४ शूमेकर या लघुग्रहाला आहे. फ्लॅगस्टाफ येथेच वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : कॅरोलिन शूमेकर यांनी नवा सिद्धांत मांडला नाही किंवा नवे उपकरणही बनविले नाही. त्यांचे कार्य निरीक्षणाचे होते. परंतु आघातांचा सिद्धांत ज्या आकडेवारीवर उभा आहे, ती अशा निरीक्षणांतूनच मिळाली. १९९२ मध्ये पृथ्वीची कक्षा छेदणाऱ्या १ किमी.हून मोठ्या लघुग्रहांची संख्या सु. दोन हजार असल्याचा अंदाज होता. अधिक वेध मिळाल्यावर अशा आकाराच्या पृथ्वीनिकट वस्तू एक हजाराच्या आत असल्याचे दिसून आले. धोक्याचे प्रमाण कल्पनेने ठरविता येत नाही, ते मोजावे लागते, हे या बदलावरून ध्यानात येते.

त्यांची पद्धती आता इतिहासजमा झाली आहे. पॅलोमार येथील त्यांचे सर्वेक्षण १९९४ च्या सुमारास संपले. तोवर फिल्मची जागा इलेक्ट्रॉनीय प्रकाशग्राहक घेऊ लागले होते. त्यानंतरच्या स्वयंचलित सर्वेक्षणांत सरकणाऱ्या वस्तू संगणक शोधतात व त्यांच्या शोधांची संख्या व्यक्तिगत निरीक्षकाच्या आवाक्याबाहेरची असते. तथापि बिघडलेल्या फिल्मवरील अपरिचित आकार टाकून न देता त्याकडे थांबून पाहण्यास अनुभवी दृष्टीच लागली, हे शूमेकर-लेव्ही ९ च्या शोधावरून दिसते.

कॅरोलिन हर्शेल (१७५०–१८४८) यांनी बंधू विल्यम यांना साहाय्य करता करता आठ धूमकेतू शोधले, त्या परंपरेत कॅरोलिन शूमेकर यांचे स्थान आहे. दोघींनाही विज्ञानाची वाट घरातून सापडली. मात्र हर्शेल यांचे आयुष्य बंधूंच्या कार्याभोवती गुंफलेले होते, तर शूमेकर यांनी संसाराची तीस वर्षे पूर्ण करून स्वतःचे स्वतंत्र क्षेत्र निर्माण केले. मुलांच्या संगोपनात गेलेली वर्षे त्यांनी कधी वाया गेलेली मानली नाहीत. उशिरा सुरुवात, औपचारिक शिक्षणाचा अभाव व कौटुंबिक जबाबदाऱ्या ही वैज्ञानिक कार्यातील अडचणींची कारणे म्हणून नेहमी सांगितली जातात. त्या तिन्ही असूनही एक व्यक्ती आपल्या क्षेत्रात अग्रस्थानी पोहोचू शकली, याला ग्रहविज्ञानाच्या इतिहासात विशेष महत्त्व आहे.